चाक मोडून जिना बांधला

‘मध्ययुगीन’ ही मराठीतली एक सभ्य शिवी आहे. कुणाचं म्हणणं पटलं नाही की ‘काय ही मध्ययुगीन मानसिकता!’ म्हणायचं आणि चहा प्यायला निघून जायचं. पुरावा कुणी मागत नाही, कारण मध्ययुगात सगळं वाईटच होतं हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. माझं आजचं भांडण या शिवीशी आहे. आणि त्याहून जास्त, ती शिवी देणाऱ्या, एसीत बसून स्प्रेडशीटवर आयुष्य आखणाऱ्या आपल्या जमातीशी. (मीही त्यातलाच. त्यामुळे जिथे ‘तुम्ही’ येईल तिथे ‘आपण’ वाचावं.)

विषय आहे वय. प्रत्येक काळाच्या मनात आयुष्याच्या टप्प्यांचं एक चित्र असतं आणि माणसं त्या चित्रावर बोट ठेवून स्वतःला मोजतात. आपलं चित्र सगळ्यांना पाठ आहे. बाविसाव्या वर्षी प्लेसमेंट, पंचविशीत ऑनसाइट, तिशीच्या आत फ्लॅट, पस्तिशीत मॅनेजर, आणि चाळिशीत... चाळिशीत काय ते कुणी सांगत नाही. ‘तिशीच्या आत करायच्या दहा गोष्टी’ छापाचे फॉरवर्ड रोज येतात. ‘साठीनंतर सुरू करायच्या दहा गोष्टी’ किती वेळा आलेत? आलेच तर त्यातल्या चार गोष्टी गुडघ्यांबद्दल असतात आणि उरलेल्या विम्याबद्दल.

हे चित्र म्हणजे एक जिना आहे, आणि तो जिना मध्ययुगीन नाही. मध्ययुगीन युरोपने माणसाचं आयुष्य चाकासारखं, दिवसासारखं, वर्षासारखं रंगवलं. त्या चित्रांत म्हातारपणाला हक्काची जागा होती. आपण ती जागा पुसून टाकली आणि वर त्यांनाच मागासलेले म्हणतो. हा झाला माझा मुद्दा. आता पुरावे.

सुरुवात सेव्हिलच्या इसिदोरपासून करू. हा स्पेनमधला बिशप, ६३६ साली वारला. शब्दांच्या व्युत्पत्तींच्या मिषाने त्याने जगातलं सगळं ज्ञान एका ग्रंथात कोंबलं, आणि पुढे कित्येक शतकं युरोपात तो ग्रंथ आपण विकिपीडिया उघडतो तसा उघडला जात होता. त्यात त्याने आयुष्याचे सहा टप्पे दिलेत. ७ वर्षांपर्यंत शैशव, १४ पर्यंत बालपण, २८ पर्यंत किशोरवय, ५० पर्यंत तारुण्य, ७० पर्यंत भारदस्तपणाचं वय, आणि त्यापुढे वार्धक्य, ज्याला वरची मर्यादाच नाही. पुन्हा वाचा. २८ पर्यंत किशोर, ५० पर्यंत तरुण! म्हणजे इसिदोरच्या हिशोबाने आपल्या ऑफिसातले निम्मे टीम लीड अजून किशोरवयीन आहेत. (हे मात्र मला आधीपासूनच वाटत होतं :-))

इथे कुणीतरी हात वर करणारच. ‘पण त्या काळी माणसं जगायचीच तीस-पस्तीस वर्षं!’ अरे बाबा, ती सरासरी आहे. लहान मुलं प्रचंड संख्येने दगावायची, म्हणून सरासरी खाली यायची. बालपण पार करून धडधाकट मोठा झालेला माणूस पन्नाशी-साठी बघणं ही काही अप्रूपाची गोष्ट नव्हती. बहुतेक कुणी सत्तरी पाहतच नसतं, तर इसिदोरने ५० ते ७० हा स्वतंत्र टप्पा आणि त्यापुढे आणखी एक कशाला केला असता? सरासरी आणि वितरण यांतला फरक कळत नसेल, तर इंजिनिअरिंगची फी परत मागून घ्या.

आता चाकाकडे. ब्रिटिश लायब्ररीत १३१० च्या आसपासची एक चित्रमय पोथी आहे, ‘द लाइल स्तोत्रसंग्रह’ नावाची. तिच्या एका पानावर आयुष्याच्या दहा अवस्थांचं चाक आहे. कडेने दहा गोल चौकटी. आईजवळचं बाळ, हातात तराजू धरलेला मुलगा, आरशात बघणारा तरुण, ससाणा घेऊन घोड्यावर बसलेला गडी, सिंहासनावरचा राजा, काठी टेकणारा म्हातारा, मग आजारी माणूस आणि त्याचा वैद्य, मग शवपेटी, मग थडगं. दहातल्या शेवटच्या दोन अवस्था तर मेल्यानंतरच्या आहेत! आणि चाकाच्या मधोमध, जिथे आस असतो तिथे, देवाचा चेहरा. त्याभोवती जे कोरलंय त्याचा आशय असा की मला हे सगळं एकदमच दिसतं आणि या साऱ्याचं नियमन मीच विवेकाने करतो.

यातली भूमिती बघा, देवावर विश्वास असो वा नसो. राजाची चौकट केंद्रापासून जितकी लांब, तितकीच बाळाची आणि तितकीच खाटेवर पडलेल्या रोग्याची. सगळ्या आऱ्या सारख्या. राजा होणं हा दहातला एक टप्पा आहे. त्याच्या आधीची माणसं अर्धवट नाहीत आणि नंतरची फुकट गेलेली नाहीत. मधून बघणाऱ्याला तर ती एकामागून एक दिसतच नाहीत, ती एकत्र दिसतात. आपल्या कुठल्या चार्टमध्ये पस्तिशीचा माणूस आणि त्याचे अंथरुणाला खिळलेले वडील एकाच अंतरावर येतात?

दुसरं चित्र दिवसाचं. बायबलात एक दृष्टांत आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी अगदी पाच वाजता. संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखीच. पहाटेपासून राबलेले अर्थातच कुरकुरतात. पोप ग्रेगरी पहिला (कारकीर्द ५९० ते ६०४) याने आपल्या प्रवचनात या वेळांचा अर्थ माणसाच्या वयांशी लावला. पहाट म्हणजे बालपण, मग किशोरवय, दुपार म्हणजे तारुण्य, उतरती उन्हं म्हणजे वार्धक्य, आणि शेवटचा तास म्हणजे अगदी जर्जर वय. पुढे मध्ययुगभर हा अर्थ प्रवचनांतून सांगितला गेला. म्हणजे ज्या काळाला आपण निर्दय म्हणतो, त्या काळाचा धर्मगुरू लोकांना सांगत होता की सत्तरीत आलास तरी उशीर झालेला नाही आणि तुझी मजुरी कापली जाणार नाही. इंग्रजीतला ‘इलेव्हन्थ अवर’ हा वाक्प्रचार याच दृष्टांतातून आला. आपण तो डेडलाइनच्या आदल्या रात्री वापरतो. मूळ गोष्टीत तो तास घाबरवणारा नव्हताच, तो दार उघडणारा होता.

तिसरं चित्र वर्षाचं. चौदाव्या शतकापासून फ्रेंचमध्ये असा हिशोब सांगितला जाऊ लागला की माणसाचं आयुष्य ७२ वर्षांचं धरा आणि त्याचे बारा महिने करा. एक महिना सहा वर्षांचा. पुढे छापील प्रार्थनापुस्तकांच्या दिनदर्शिकांतही हे आलं. आता जरा गुणाकार करा. मार्चअखेर अठरा वर्षं, जूनअखेर छत्तीस, सप्टेंबरअखेर चोपन्न. आणि सप्टेंबरात युरोपात काय चालतं? द्राक्षतोड. बेरीच्या ड्यूकसाठी लिंबूर्ग बंधूंनी १४१० च्या दशकात जे प्रसिद्ध प्रार्थनापुस्तक सुरू केलं, त्यातल्या सप्टेंबरच्या पानावरही मळ्यात द्राक्षतोड चाललेली आहे. म्हणजे या हिशोबात पन्नाशीच्या आसपासचा काळ हा सुगीचा. आणि आपल्या धंद्यात नेमक्या त्याच महिन्यात माणसाला ‘आता तुमच्यासाठी योग्य रोल नाही’ असं सांगून घरी पाठवतात. पेरणी करून घ्यायची आणि सुगीला शेतकऱ्यालाच हाकलायचं, असा शहाणपणा कुठल्याही मध्ययुगीन जमीनदाराने दाखवला नसता.

मग जिना आला कुठून? तो आला छापखान्यातून. आउग्सबुर्गच्या धाकट्या यॉर्ग ब्रॉयचं १५४० मधलं लाकडी ठशाचं चित्र हे त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांतलं एक. दोन्हीकडून पायऱ्या, दहा-दहा वर्षांची एक, पन्नाशी माथ्यावर, मग तेवढ्याच पायऱ्या खाली. पुढची तीनशे वर्षं अशी स्वस्त चित्रं युरोपात आणि नंतर अमेरिकेत घराघरांत लागली, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. म्हणजे मध्ययुग संपल्यावर, छपाई आणि व्यापार भरात असताना, आयुष्याला ‘वर’ आणि ‘खाली’ ठळकपणे मिळालं. त्या जिन्यात निदान उतरणीच्या पायऱ्या तरी होत्या. आपण त्याही तोडल्या. आपल्या करिअर लॅडरला उतार नाही. शेवटच्या पायरीनंतर नुसती हवा.

‘शिडी मध्ययुगातही होती की!’ होती. सिनाईच्या मठात बाराव्या शतकातलं एक चित्र आहे, तीस पायऱ्यांच्या शिडीवरून साधू स्वर्गाकडे चढताहेत आणि काळे सैतान त्यांना दोऱ्या लावून खाली ओढताहेत. (अप्रेजलचा महिना आठवला ना?) पण ती शिडी सद्गुणांची आहे, वयाची नाही. विशीतला आणि सत्तरीतला साधू तिथे एकाच पायरीवर उभे असू शकतात. वय म्हणजेच उंची ही गल्लत त्या शिडीने केलेली नाही.

आता काळाबद्दल. वाळूचं घड्याळ म्हटलं की आपल्याला मृत्यू आठवतो, नाहीतर संगणकाचा कर्सर. त्या घड्याळाच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक इटलीत सिएनाच्या नगरभवनात आहे, अम्ब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या सुराज्याच्या भिंतीवर. ते कुणाच्या हातात आहे? संयमाच्या. संयम ही तिथे एक शांत बसलेली स्त्री आहे, आणि किती पुरे हे कळावं म्हणून तिच्या हाती ते माप आहे. १४०० च्या सुमारास क्रिस्तीन द पिझान या लेखिकेने एक बोधग्रंथ लिहिला. त्याच्या सचित्र हस्तलिखितांतही संयमाजवळ यांत्रिक घड्याळ दाखवलंय. नवंकोरं यंत्र, त्या काळचं हायटेक, आणि ते त्यांनी संयमाला दिलं! ड्यूररच्या १५१३ च्या कोरीव चित्रात मात्र तेच वाळूचं घड्याळ मृत्यू स्वाराच्या तोंडासमोर नाचवतोय. १५३८ मध्ये छापलेल्या होल्बाइनच्या मृत्यूच्या चित्रमालेत ते पुन्हा पुन्हा दिसतं. पंख, काठी, कोयता घेतलेला तो म्हातारा ‘काळबाबा’ही उशिराचाच. पंधराव्या शतकात पेत्रार्कच्या एका काव्याला चित्रं काढताना तो घडत गेला, हे एर्विन पानोफ्स्कीने १९३९ मध्येच उलगडून दाखवलंय.

आपल्या भाषेला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. मराठीत काळ म्हणजे वेळही आणि मृत्यूही, आणि तरी ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ असं आपण म्हणतोच. आपली टाइमशीट मात्र या दोघांत फरक करत नाही. तिच्यात संयमाला कॉलमच नाही.

आणि एक चित्र तर मुळात इथलंच. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला एक दृष्टांत सांगतो. एक माणूस विहिरीत वेलींना लटकलाय. खाली मोठा साप, वर सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती. काळे-पांढरे उंदीर मुळं कुरतडताहेत आणि हा वरून ठिबकणारा मध चाटतोय. हत्ती म्हणजे वर्ष, तोंडं म्हणजे ऋतू, पाय म्हणजे महिने, उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. ही गोष्ट बौद्ध कथांबरोबर पश्चिमेला गेली, अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी मजल दरमजल करत. वाटेत खुद्द बुद्धाचं चरित्र ‘जोसाफट’ नावाच्या ख्रिस्ती संताचं झालं! इटलीत पार्मा इथे, ११९६ मध्ये बांधायला घेतलेल्या बाप्तिस्मागृहाच्या दक्षिण दारावर ती बेनेदेत्तो अंतेलामीने दगडात कोरलीय. झाड, मध, मुळाशी कुरतडणारे दोन प्राणी, खाली ड्रॅगन, बाजूंना सूर्य आणि चंद्र. झाडावर बसलाय तो म्हातारा नाही, तरुण मुलगा आहे. वय वाढणं ही म्हाताऱ्यांना होणारी गोष्ट आहे, हा आपला आवडता गैरसमज त्या दाराने आठशे वर्षांपूर्वीच खोडून काढलाय. उंदीर पंचविशीचं झाडही त्याच वेगाने कुरतडतात.

आता माझ्याविरुद्धची बाजू. तिसऱ्या इनोसंटने, पोप होण्याआधी, माणसाच्या दैन्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हातारपणाची यथेच्छ विटंबना केली. दान्तेने आयुष्याला कमान म्हटलं आणि तिचा माथा पस्तिशीला ठेवला. (पण त्यानेच प्रत्येक वयाचे वेगळे गुण सांगितले, आणि शेवटचं वय बंदराजवळ येताना शिडं उतरवणाऱ्या खलाशासारखं मानलं.) शिवाय या सगळ्या चाकांवर जवळपास सगळे पुरुषच आहेत. बाई दिसते ती बहुतेक बाळाची आई म्हणून. रॉबर्ट द लाइलने ती पोथी १३३९ मध्ये आपल्या मुलींना दिली, पण चाकात त्या मुलींची चौकट नाही. आणि भूदासाचा मुलगा सिंहासनाच्या चौकटीत कधीच पोचत नव्हता. हे सगळं मान्य.

सगळ्यात खरा आक्षेप पुढचा आहे. ‘जिन्यानेच आम्हाला वर आणलं. तालुक्याच्या गावातून, दोन खोल्यांतून. चाक म्हणजे आहे तिथेच फिरत राहणं.’ याची टिंगल मी करणार नाही. पगाराला जिना हवाच. हुद्द्यालाही असू दे. माझं म्हणणं एवढंच की तोच जिना उचलून आयुष्याला लावू नका. पगाराचा आलेख आणि माणसाचं वय हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत. एकाचं मूल्य दुसऱ्यात भरलं की प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, चालत राहतो, फक्त उत्तरं चुकीची देतो. असा बग सापडायला सगळ्यात अवघड असतो.

त्या चुकीच्या उत्तराची किंमत खरी माणसं मोजतात. एकदा मी मुलाखती घेणाऱ्या पॅनलवर होतो. सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले होते. डेटाबेसमधलं त्यांना जे येत होतं ते आम्हा तिघांना मिळून येत नव्हतं. मी ‘घ्या’ म्हटलं. बाकीच्यांचा शेरा होता, ‘टीम तरुण आहे, जमणार नाही.’ इसिदोरच्या हिशोबाने ते स्वतःच तरुण होते, आणखी चार वर्षं! दुसरी किंमत आपल्या घरात मोजली जाते. आई-वडील रिटायर झाले की आपल्या तोंडी ‘आता आराम करा’ येतं. त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘तुमचा जिना संपला’ असाच असतो, आणि त्यांना तो बरोबर ऐकू येतो. तिसरी किंमत आपण स्वतः मोजतो. एकोणतिसाव्या वाढदिवसाला ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी माणसं माझ्या ओळखीत डझनभर आहेत. एकोणतीस! म्हणजे काल-परवा किशोरवय संपलेलं.

मी काही मध्ययुगात परत जा म्हणत नाही. प्लेग, दुष्काळ, भूतदहनं, नको रे बाबा. पण एखाद्या काळाची औषधं टाकाऊ असली म्हणून त्याची चित्रंही टाकाऊ ठरत नाहीत. त्यांनी एक प्रश्न नीट विचारला होता: माणूस मधल्या एका वयात ‘पुरा’ होतो की सगळी वयं मिळून पुरा होतो? त्यांच्या चाकाने दुसरं उत्तर दिलं. आपण तो प्रश्नच विचारायचा सोडला, कारण एचआरच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘तिशीच्या आत’वाला फॉरवर्ड आला की तो डिलीट करा, आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा की सध्या नवीन काय चाललंय. तब्येत नाही विचारायची, नवीन काय ते विचारायचं. आणि माझं म्हणणं पटलं नसेल तर खुशाल भांडा, फक्त मला ‘मध्ययुगीन’ म्हणताना जरा जपून. मी ते कौतुक समजून घरी घेऊन जाईन.